घसरणार नाहीत असे क्रोशाचे लेगवॉर्मर

हौसेने विणलेले लेगवॉर्मर, म्हणजे घोट्यापासून गुडघ्यापर्यंतचे पावलाविना मोजे, घातले की दहा पावलांत घोट्याशी गोळा होतात, ही नेहमीची तक्रार. मग कोणी वरच्या कडेत इलॅस्टिक घालतं, कोणी नाडी ओवतं, आणि संध्याकाळी पोटरीवर वळ उठतात. खरं तर दोष बहुतेक वेळा विणीच्या दिशेत असतो. क्रोशाची सुरुवातीची साखळी जवळजवळ ताणलीच जात नाही. ती पायाभोवती आली की एक तर पोटरीला काचते, नाही तर काचू नये म्हणून सैल घातलेली असते आणि घसरते.

उपाय सोपा आहे: साखळी पायाभोवती घालायचीच नाही, पायाच्या लांबीइतकी घालायची. तिच्यावर जाऊन-येऊन ओळी विणायच्या, प्रत्येक टाक्याचा फक्त पलीकडचा दोरा उचलायचा. त्याने पन्हळीसारखी उंच-सखल वीण तयार होते आणि ती पेटीच्या भात्यासारखी उघडते-मिटते. पट्टी पुरेशी रुंद झाली की दोन कडा जोडून नळी करायची. पन्हळी पायावर उभ्या येतात, ताण पायाभोवती मिळतो, आणि न ताणणारी साखळी घोट्यापासून गुडघ्याकडे निमूट पडून राहते.

लोकर आणि सुई

मध्यम जाडीची लोकर घ्या: लेबलवर ४ आकडा असलेली, १०० ग्रॅममध्ये साधारण २०० मीटर भरणारी. तिला ५ मिमीची क्रोशाची सुई. शिवाय साखळीसाठी आणि जोडणीसाठी ५.५ मिमीची एक सुई, मोठ्या नेढ्याची बोथट सुई, मोजपट्टी, कात्री आणि चार-पाच सेफ्टी पिना. मोठ्या माणसाच्या जोडीला १५० ते २०० ग्रॅम लोकर लागते.

शुद्ध लोकर सर्वांत उबदार आणि लवचिक, पण गरम पाण्यात चोळली गेली की आटून नमद्यासारखी घट्ट होते. अ‍ॅक्रिलिक धुवायला सोपं, अंगाला सहसा टोचत नाही, पण त्याला इस्त्री लागली की पन्हळी कायमच्या सपाट होतात. रोजच्या वापराला दोन्हींचं मिश्रण सर्वांत चांगलं. सुती धागा या कामाला घेऊ नका. तो जड असतो, ताणला की परत आक्रसत नाही, आणि कितीही नीट विणला तरी खाली येतो. केसाळ, मोहेरसारख्या लोकरीत टाके दिसत नाहीत आणि चूक झाली तर उसवता येत नाही. पहिली जोडी गुळगुळीत, फिक्या रंगाच्या लोकरीची करा. काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीत रात्रीच्या उजेडात पलीकडचा दोरा शोधताना डोळे दुखतात.

सगळे गुंडे एकाच लॉट नंबरचे घ्या. दुकानात दिसत नाही असा रंगातला फरक दोन पाय शेजारी आले की लगेच दिसतो.

माप

उभं राहून तीन मापं घ्या: पोटरीचा सर्वांत जाड घेर, घोट्याच्या हाडाच्या जरा वरचा घेर आणि घोट्यापासून गुडघ्याच्या खाली तीन बोटं सोडून लांबी. बसून मापलं तर पोटरीचा आकार बदलतो. जाड पँटवरून घालायचे असतील तर मापही पँटवरूनच घ्या.

चौथं माप बहुतेक जण विसरतात: टाच आणि पावलाचा वरचा उंचवटा यांना धरून तिरका घेर. लेगवॉर्मर चढवताना घोट्याची अरुंद कड याच भागावरून जायची असते.

पुढची कृती पोटरी ३६ सेंमी आणि लांबी ४० सेंमी धरून दिली आहे. आकडे कसे बदलायचे ते ओघात येईलच.

तीन टाके, आणि नावांचा घोळ

साखळी येत असेल तर बाकी दोनच टाके लागतात. मुका खांब: सुई टाक्यात घाला, लोकर ओढून घ्या, सुईवर दोन वेढे होतात, पुन्हा लोकर घेऊन दोन्हींतून एकदम काढा. अर्धा खांब: आधी सुईवर लोकर घ्या, मग टाक्यात घाला, लोकर ओढून घ्या, तीन वेढे होतात, लोकर घेऊन तिन्हींतून एकदम काढा. अर्धा खांब मुक्यापेक्षा उंच असतो, आणि या उंचीच्या फरकावरच पुढे घोट्याचा आकार बेतलेला आहे.

इंटरनेटवरचे नमुने वाचताना एक लक्षात ठेवा. मुक्या खांबाला अमेरिकन पद्धतीत सिंगल क्रोशे म्हणतात आणि ब्रिटिश पद्धतीत डबल क्रोशे. अर्धा खांब अमेरिकेत हाफ डबल, ब्रिटनमध्ये हाफ ट्रेबल. नमुना कुठल्या पद्धतीचा आहे हे न पाहता सुरुवात केली तर माप पार चुकतं.

पलीकडचा दोरा म्हणजे काय, हे एकदा नीट पाहून घ्या. विणलेल्या ओळीकडे वरून बघितलं की वेणीसारखे दोन दोरे दिसतात, एक आपल्याकडचा आणि एक पलीकडचा. सुई या दोहोंच्या मधून खाली घालून फक्त पलीकडचा उचलायचा. अर्ध्या खांबाला एक तिसरा आडवा दोराही असतो. काम उलटवलं की तो आपल्या बाजूला, वेणीच्या जरा खाली दिसतो. नवख्या हाताची गफलत इथेच होते: तो तिसरा दोरा वेणीतलाच समजला जातो, मग खरा जवळचा दोरा पलीकडचा वाटतो आणि पन्हळ उठतच नाही. दोन-तीन ओळींनंतर वीण सपाट दिसत असेल तर हेच झालं आहे.

नमुना विणल्याशिवाय सुरुवात नको

३१ साखळ्या घाला. शेवटची सोडून परत येताना १० मुके खांब आणि २० अर्धे खांब, एकूण ३०. पुढच्या ओळीत उलट येताना २० अर्धे आणि १० मुके. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक साखळी. ती टाका म्हणून मोजायची नाही. पहिली ओळ सोडून सगळीकडे पलीकडचाच दोरा. अशा १४ ओळी करा, कोमट पाण्यात बुडवून दाबून पाणी काढा आणि सपाट वाळवा.

आता न ताणता मोजा. अर्ध्या खांबांकडच्या १४ ओळी साधारण १४ सेंमी भराव्यात, म्हणजे १० सेंमीत १० ओळी. मुक्या खांबांची कड आक्रसून ९ ते साडेनऊ सेंमी असेल. २० अर्धे खांब लांबीला साधारण १४ सेंमी होतात. हात घट्ट असेल तर सुई अर्ध्या मिमीने वाढवा, सैल असेल तर कमी करा. टाक्यांपेक्षा ओळींचा हिशेब जपा, कारण घेर ओळींवर ठरतो. लांबी एखाद्या सेंमीने इकडे-तिकडे झाली तर बिघडत नाही.

मुक्या खांबांची कड दोन्ही हातांनी ताणून पाहा. ९ सेंमीची कड साडेतेरा सेंमीपर्यंत सहज यायला हवी. तेवढी येत नसेल तर घोट्याची कड टाचेवरून जाणार नाही. तो भाग मोठ्या सुईने किंवा सैल हाताने विणावा लागेल.

नमुना लगेच उसवू नका, आधी वजन करा. त्यात ४२० टाके आहेत आणि पूर्ण जोडीत ३,५८४, म्हणजे साडेआठ पट. नमुना १६ ग्रॅम भरला तर जोडीला १३६ ग्रॅम. जोडणी आणि शेपट्यांसाठी (टोकांना सोडलेल्या लोकरीसाठी) वर १५ टक्के धरले की १५६. याहून भरवशाचा अंदाज दुसरा नाही.

विणायला सुरुवात

ओळी किती? पोटरीच्या घेराच्या ८८ टक्के रुंदी ठेवायची, म्हणजे लेगवॉर्मर थोडा ताणून बसतो आणि धरून राहतो. ३६ चे ८८ टक्के ३१.७ सेंमी, १० सेंमीत १० ओळी असतील तर ३२ ओळी. आकडा सम असू द्या. पोटरी ३२ असेल तर २८ ओळी, ४० ला ३६, ४४ ला ३८. लांबीला प्रत्येक १० सेंमीमागे १४ टाके: ४० सेंमीला ५६, ३० ला ४२, ५० ला ७०.

५.५ मिमीच्या सुईने ५७ साखळ्या घाला. सुरुवातीची शेपटी १५ सेंमी ठेवा. सुई बदलून ५ मिमीची घ्या.

पहिली ओळ साखळीच्या मागच्या उंचवट्यांत करा. साखळी पालथी केली की मधोमध बारीक गाठींसारखी रांग दिसते, तीच उचलायची. पहिले काही टाके किचकट वाटतात, पण त्यामुळे साखळीची वेणी अख्खी शिल्लक राहते आणि शेवटी जोडणी इतकी सफाईदार होते की शिवण शोधावी लागते. सुईजवळची एक साखळी सोडा, १४ मुके खांब, मग ४२ अर्धे खांब. एकूण ५६. सुरुवातीची बाजू घोट्याची, शेवटची गुडघ्याकडची. घोट्याच्या बाजूला एक सेफ्टी पिन लावून ठेवा.

दुसरी ओळ गुडघ्याकडून: एक साखळी, काम उलटवा, ६ मुके, ३६ अर्धे, १४ मुके खांब, सगळे पलीकडच्या दोऱ्यात.

तिसरी ओळ घोट्याकडून: एक साखळी, उलटवा, १४ मुके, ४२ अर्धे.

यापुढे दुसरी आणि तिसरी आलटून पालटून. विषम ओळी घोट्याकडून निघतात, सम ओळी गुडघ्याकडून, आणि ३२वी ओळ घोट्याशी येऊन संपते. वरचे ६ टाके एका ओळीत मुके आणि एका ओळीत अर्धे येतात ते मुद्दाम. गुडघ्याखालचा घेर पोटरीपेक्षा थोडाच कमी असतो, तिथे प्रत्येक ओळीत मुके खांब घातले तर कड रुतते. एकाआड एक घातले की कड नुसती आत वळते आणि पोटरीच्या वर टेकून राहते. घोट्याशी मात्र सगळ्याच ओळी मुक्या, म्हणून तिथे घेर पोटरीच्या दोन तृतीयांश होतो. कुठेही टाके कमी न करता पायाचा आकार मिळतो.

टाक्यांची संख्या बदलली तर एक चतुर्थांश टाके घोट्याला आणि एक दशांश वरच्या कडेला धरा. ४२ टाक्यांना १० आणि ४ चालतात.

सगळ्यात जास्त चुकणारी जागा ओळीचा शेवटचा टाका. मुका खांब बुटका असतो आणि शेवटचा टाका कडेला कलंडून लपतो. तो सुटला की ५६ चे ५५ होतात, पुढच्या ओळीत ५४, आणि पट्टी तिरकी व्हायला लागते. प्रत्येक ओळीच्या पहिल्या टाक्यात पिन अडकवा. परत येताना त्या पिनेच्या टाक्यात शेवटचा टाका पडलाच पाहिजे. कड सरळ असेल तर दर चार ओळींनी एकदा मोजणं पुरे.

ओळी मोजायला पन्हळी मोजा. एका बाजूने दिसणारी प्रत्येक पूर्ण पन्हळ म्हणजे दोन ओळी. १६ पन्हळी झाल्या की ३२ ओळी.

नवा गुंडा ओळीच्या टोकाला जोडा. मध्येच गाठ मारलीत तर ती पन्हळीत खड्यासारखी लागते.

जोडणी

३२वी ओळ झाल्यावर लोकर कापू नका. पट्टी पायाला गुंडाळून पाहा: दोन कडांमध्ये तीन-चार सेंमी फट राहिली आणि हलकं ओढल्यावर ती मिटली, तर माप बरोबर. फट आपोआपच मिटत असेल तर दोन ओळी उसवा. ओढूनही मिटत नसेल तर दोन ओळी वाढवा.

दोन्ही कडा समोरासमोर आणा, उलट बाजू बाहेर. दोन्ही टोकांना आणि मध्ये दोन ठिकाणी पिना लावा. पिनांचा कंटाळा केला की एक कड दुसरीच्या पुढे सरकते आणि शिवण पोटरीभोवती वेलीसारखी पिळत जाते. ५.५ मिमीच्या सुईने, शेवटच्या ओळीचा पलीकडचा दोरा आणि साखळीच्या वेणीतला बाहेरचा दोरा एकत्र उचलून स्लिप स्टिच घाला: लोकर ओढून घ्या आणि सुईवरच्या वेढ्यातूनही तशीच काढा. ५६ टाके, ५६ स्लिप स्टिच. हात मुद्दाम सैल ठेवा. शिवण आवळली की त्या बाजूची लांबी आखडते आणि लेगवॉर्मर एका अंगाला ओढल्यासारखा दिसतो.

लोकर १५ सेंमी ठेवून कापा. बोथट सुईत ओवून पन्हळीच्या आतून चार सेंमी वर न्या, शेजारच्या पन्हळीतून खाली आणा, पुन्हा थोडी वर न्या आणि कापा. दोनदा दिशा बदलली की ती सुटून येत नाही. गाठ नको, बूट घातल्यावर घोट्याला तीच बोचते.

दुसरा पाय त्याच सुईने, लगोलग विणायला घ्या. महिनाभराने हाताचा ताण बदललेला असतो आणि दुसरा पाय दोन सेंमी रुंद निघतो. दोन वेगळे गुंडे असतील तर दोन्ही पाय एकत्र चालवावेत हे सर्वांत उत्तम: आठ ओळी याच्या, आठ त्याच्या.

बिघडलं तर

या पद्धतीचा मोठा फायदा दुरुस्तीत आहे. घसरत असेल तर शिवण उसवा, दोन ओळी कमी करा, पुन्हा जोडा. काचत असेल तर शिवण उसवून दोन ओळी वाढवा. बाकी वीण जशीच्या तशी राहते. आखूड झालं तर मात्र घोट्याकडून किंवा वरून गोल ओळी वाढवाव्या लागतात, आणि त्या कडा कमी ताणल्या जातात. म्हणून लांबीची शंका असेल तर साखळीतच सहा टाके जास्त धरा. थोडी चुणी पडली तरी लेगवॉर्मरला ती शोभते.

फक्त वरची कड ढिली असेल तर उसवायची गरज नाही. विणकामासाठी मिळणारा बारीक पारदर्शक इलॅस्टिक धागा आतल्या बाजूने वरच्या कडेपाशी दोन फेऱ्यांत ओवा, पायात घालून ताण ठरवा आणि मगच टोकं बांधा.

कडांना झालर किंवा शिंपल्याची नक्षी घालायचा मोह होतो. घोट्याच्या कडेवर अशी गोल ओळ घातली की ती टाचेवरून जाईनाशी होते. घालायचीच असेल तर प्रत्येक ओळीच्या टोकात एकच मुका खांब, ६ मिमीच्या सुईने.

दोन रंगांचे पट्टे दोन-दोन ओळींचे करा. दर दुसरी ओळ घोट्याशी संपते, त्यामुळे दोन्ही रंग तिथेच भेटतात आणि लोकर कापावी लागत नाही. वर नेलेला दोरा सैल सोडा, नाही तर घोट्याची कड आवळली जाते.

शिवण नकोच असेल तर

गोल विणता येतं, पण मग ताण वेगळ्या वाटेने आणावा लागतो. साखळीऐवजी पाया आणि खांब एकदमच घालत जाणारी सुरुवात करा, म्हणजे वरची कड ताणते. पहिल्या फेरीत पूर्ण खांब: सुरुवात अर्ध्या खांबासारखीच, पण तिन्ही वेढ्यांतून एकदम न काढता लोकर दोन-दोन वेढ्यांतून दोनदा काढायची. नंतर एक खांब खालच्या खांबाला पुढून विळखा घालून, एक मागून विळखा घालून, असं आलटून पालटून. टाके सम हवेत, ३६ सेंमी पोटरीला ४४ च्या आसपास. घोट्याकडे जाताना टाके कमी करायला गेलात तर पन्हळींचा क्रम मोडतो. त्यापेक्षा सुई लहान करत जा: पोटरीला ५.५, मग ५, मग ४.५, घोट्याशी ४ मिमी. ही वीण जाड आणि फार उबदार होते, पण लोकरही बरीच जास्त खाते आणि मनगटाला ताण देते.

धुणं

कोमट पाण्यात सौम्य साबणाने दहा मिनिटं भिजवा, चोळू नका, पिळा न घालता दाबून पाणी काढा. टॉवेलमध्ये गुंडाळून त्यावर दाब द्या आणि सावलीत सपाट पसरून वाळवा. दोरीवर टांगले तर ओल्या लोकरीच्या वजनाने ते लांब आणि अरुंद होत जातात. पसरताना पन्हळी बोटांनी जवळ लोटून ठेवा, ताणून पिना लावू नका. बरेच दिवस वापरल्यावर घेर सैल वाटला तर असंच एकदा धुवून मिटलेल्या पन्हळींनी वाळवा. लोकर असेल तर बराचसा ताण परत येतो.